प्रशिक्षकाचं किट आणि गोव्याची हवा: कॉलेज सॉफ्टबॉलच्या सामानाचं परीक्षण

जुलै महिन्यात सॉफ्टबॉलचा ग्लोज कपाटातून काढा, बोटं पार टोकापर्यंत आत घाला आणि बाहेर काढून त्यांचा वास घ्या. कुबट वास आला तर अस्तराला बुरशी धरलेली आहे, मग बाहेरून चामडं कितीही तुकतुकीत दिसो. गोव्यात या खेळाच्या सामानाची पहिली परीक्षा ही. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले महिने खारा वारा, घाम आणि मैदानावरची तांबडी धूळ. कोरड्या हवेच्या देशात लिहिलेली परीक्षणं वाचून ऑर्डर दिली, की दुसऱ्या पावसाळ्यानंतर निम्मं सामान भंगारात जातं. म्हणून हे परीक्षण इथल्या हवेच्या हिशोबाने केलं आहे, आणि तेही खेळाडूच्या बॅगेचं नव्हे तर प्रशिक्षकाच्या किटचं.

यामागे कारण आहे. कॉलेजचं सॉफ्टबॉल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते दशकानुदशकं एकाच मैदानावर उभे राहिलेले प्रशिक्षक. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या कॅरोल हचिन्स यांनी १९८५ ते २०२२ असे ३८ मोसम एकाच संघाला शिकवलं आणि एकूण १७०७ सामने जिंकून निवृत्त झाल्या. ॲरिझोनाचे माइक कँड्रिया १९८६ ते २०२१ तिथे होते. त्यांच्या नावावर आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, शिवाय २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघाचे प्रशिक्षकही तेच. पॅटी गॅसो १९९५ पासून ओक्लाहोमात आहेत. ही कारकीर्द आकड्यांत वाचताना सामने दिसतात, पण तिचा मोठा भाग सरावाचा असतो. रोज शेकडो ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचे फटके, मारायचे, शेकडो चेंडू टाकून द्यायचे, बादल्या उचलायच्या. तीस वर्षं हे करायचं तर खांदा, मनगट आणि कंबर शाबूत राहिली पाहिजे, आणि ती राहतील की नाही हे बरंचसं हातातल्या अवजारावर ठरतं.

आपल्याकडे कॉलेजातले शारीरिक शिक्षण संचालक सॉफ्टबॉलबरोबर फुटबॉल, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स असं सगळंच सांभाळतात. क्रीडा विभागाचे पैसे आले की आधी जर्सी, मग सामन्यासाठी एक महागडा स्लगर (सॉफ्टबॉलची बॅट), मग बूट. प्रशिक्षकाच्या हातातल्या वस्तूंची पाळी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. हा क्रम उलटा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीला मोसमात किती चेंडू अडवायला आणि मारायला मिळाले यावर ती तयार होते, आणि तो आकडा प्रशिक्षकाच्या किटवर अवलंबून असतो.

सुरुवात फंगोपासून करू, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. फंगो म्हणजे फक्त क्षेत्ररक्षणाच्या सरावासाठी, स्वतः चेंडू उडवून मारायची लांब, बारीक, हलकी बॅट. सॉफ्टबॉलसाठी ३४ ते ३६ इंच लांबी आणि ५७० ते ६२० ग्रॅम वजन योग्य. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खेळाडूंचाच एखादा जुना स्लगर यासाठी वापरतात, तो ७०० ग्रॅमच्या पुढे असतो. शंभर ग्रॅमचा फरक मामुली वाटतो, पण हिशोब मांडून बघा. इनफिल्डच्या (आतल्या मैदानाच्या) चार जागांना रोज प्रत्येकी २५ ग्राउंडर म्हणजे १००, आउटफिल्डला (बाहेरच्या मैदानाला) ६० फ्लाय म्हणजे उंच फटके, एकूण १६० फटके. आठवड्याला पाच दिवस, ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे वीस आठवडे धरले तर मोसमाला १६ हजार. तीस मोसमांचे चार लाख ऐंशी हजार. हे सगळे फटके एका हाताने चेंडू उडवून, अंग पूर्ण न वळवता, मनगटाच्या जोरावर मारलेले असतात. उतारवयात कोपर आणि खांदा याचीच फेड करतात.

फंगो घेताना मुख्य चूक होते ती बेसबॉलचा फंगो घेण्याची. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, सॉफ्टबॉलचा १२ इंची चेंडू १७८ ते १९८ ग्रॅमचा आणि आकाराने मोठा. बेसबॉलच्या लाकडी फंगोची मान बारीक असते. सॉफ्टबॉल मारत राहिलं की मूठ संपते तिथून वर चार-सहा इंचांवर रेषांच्या दिशेने बारीक तडा जातो, आणि एक दिवस पुढचा तुकडा शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या असलेल्या मुलीच्या दिशेने उडतो. लाकडी घ्यायचाच तर सॉफ्टबॉलसाठीच बनवलेला घ्या. जून लागण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना मेण चोळा, कारण लाकूड पाणी पितं ते टोकांकडून. भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, खिळ्याला उभा टांगा. गोव्यासाठी मात्र माझी शिफारस ॲल्युमिनियमची आहे. सॉफ्टबॉलचा ॲल्युमिनियम फंगो मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर ३२ इंची आणि ५७० ते ६०० ग्रॅमचा हलका स्लगर घ्या, त्यावर ‘प्रशिक्षक’ असं पक्क्या रंगाने लिहा आणि तो कोणालाही बॅटिंगला देऊ नका. पातळ पत्र्याचा असतो, वेगवान चेंडूवर लगेच पोचा पडतो. मुठीवरची पट्टी इथल्या घामाने दोन महिन्यांत गुळगुळीत होते. टेनिस रॅकेटची कापडी ग्रिप गुंडाळली की हात सुटत नाही, आणि ती बदलायला पाच मिनिटं लागतात.

आता चेंडू. नियमाचा चेंडू १२ इंच घेराचा, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर, गर्द पिवळा, लाल दोऱ्याच्या किमान ८८ टाक्यांचा. आत पॉलियुरेथेनचा गाभा, वर चामडं किंवा सिंथेटिक. मीरत आणि जालंधरचा माल आपल्याकडे सर्रास येतो आणि त्यात बरे-वाईट दोन्ही असतात. खोका आला की सगळे चेंडू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. एकाच डझनात १७० आणि २०५ ग्रॅमचे चेंडू निघाले तर डझन परत करा. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणारीच्या, बोटांना वजनाची सवय लागलेली असते, दर चेंडूला वजन बदललं की तिचा ड्रॉप (ऐनवेळी खाली पडणारा चेंडू) आणि चेंजअप (मुद्दाम संथ टाकलेला) कुठेही पडतात. दुसरी चाचणी उसळीची. नवा चांगला चेंडू आणि तपासायचा चेंडू एकाच उंचीवरून, दोन मीटरवरून, सिमेंटच्या जमिनीवर सोडा. दोघांच्या उसळीत वीतभर फरक असेल तर एकाचा गाभा गेलेला आहे. सामन्याच्या चेंडूवर ०.४७ आणि ३७५ असे दोन आकडे छापलेले दिसतात. पहिला उसळीचा, दुसरा कठीणपणाचा. उन्हात तापलेला गाभा मऊ होतो आणि चेंडू बॅटवरून मेल्यासारखा निघतो, म्हणून दुपारच्या सामन्याचे चेंडू गाडीच्या डिकीत ठेवू नयेत.

चामड्याचा की सिंथेटिक? सामन्यासाठी चामड्याचा, कारण बोटांना शिवण नीट लागते. सरावासाठी, विशेषतः चतुर्थीनंतर मैदान अजून ओलसर असताना, सिंथेटिकच. चामड्याचा चेंडू ओल्या गवतातून चार-पाच वेळा गेला की शिवणीतून पाणी आत शिरतं, वजन वाढतं आणि ते वाढलेलं वजन पिचरच्या खांद्यावर येतं. असा चेंडू उन्हात वाळवला तर चामडं आखडून शिवण उसवते. वर्तमानपत्रावर ठेवून पंख्याखाली दोन दिवस, आणि पुन्हा वजन करून मगच वापरात. दोन दिवसांनीही २०० ग्रॅमच्या वर भरत असेल तर तो टीवरच्या (चेंडू ठेवून मारायच्या खांबावरच्या) सरावाला काढावा, पिचरला देऊ नये.

सोळा जणींच्या संघाला चार डझन चेंडू लागतात: दोन डझन रोजचे, एक डझन जुने, टीसाठी, आणि एक डझन सामन्यांसाठी बंद खोक्यात. रोजचे चेंडू ठेवायला रंगाची रिकामी वीस लिटरची बादली सगळ्यात चांगली. तीत चोवीस चेंडू बसतात, त्यांचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं, बादली एका हाताने उचलता येते आणि झाकणावर बसून चेंडू टाकता येतात. वेगळी ‘बॉल बकेट’ म्हणून जी मिळते ती हीच बादली असते, झाकणावर स्पंज लावलेली. पैसे वाचवा, स्पंज आपण चिकटवू शकतो. मात्र एक काम आवर्जून करायचं: बादलीच्या तळाला आठ-दहा भोकं पाडायची, साधारण आठ मिलिमीटरची. घट्ट झाकणाच्या बादलीत ओले चेंडू रात्रभर राहिले की आत वाफ धरते आणि सकाळी शिवणीच्या दोऱ्यावर पांढरी लव दिसते. तळाखाली दोन विटा ठेवल्या तर हवा खेळती राहते.

ग्लोजकडे पुन्हा येतो, कारण गोव्यात सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच होतं. इनफिल्डसाठी साडेअकरा ते साडेबारा इंच, आउटफिल्डसाठी साडेबारा ते तेरा इंच, कॅचरचा, म्हणजे बॅटरच्या मागे बसणारीचा, मिट (जाड ग्लोज) घेराने ३३-३४ इंच. बेसबॉलचा ग्लोज चालतो असं दुकानदार सांगतात. चालत नाही. त्याचा खळगा उथळ असतो, १२ इंची चेंडू तळव्यात न बसता बोटांच्या मुळाशी आदळतो आणि उसळून बाहेर जातो. ग्लोज घेताना तो दाबून बघण्यापेक्षा वाद्या बघा. पूर्ण चामड्याची, सहा मिलिमीटर रुंदीची, दोन्ही बाजूंनी सारख्या जाडीची वादी हवी. स्वस्त ग्लोजमध्ये वादीच्या आत कापड असतं. ती ओढली की कडा पिसासारख्या सुटतात, आणि पहिल्याच मोसमात जाळीतली, म्हणजे अंगठा आणि पहिल्या बोटामधली वादी तुटते. तळवा सिंथेटिक आणि पाठ चामड्याची असा जो मिश्र माल येतो तो मुळीच घेऊ नका. घामाने सिंथेटिकचा थर पापुद्र्यासारखा सोलतो आणि त्याला दुरुस्ती नाही.

वादी तुटली की बरेच जण ग्लोज टाकून देतात, हे बघवत नाही. चांगला चपला शिवणारा मोची अर्ध्या तासात वादी बदलून देतो. त्याला दोनच गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, जुनी वादी एकदम ओढून काढायची नाही. नवी वादी जुनीच्या टोकाला टाका घालून जोडायची आणि जुनी ओढत नवी त्याच वाटेने आणायची, म्हणजे गुंफण चुकत नाही. दुसरी, ओवून झाल्यावर चेंडू खळग्यात ठेवून मग गाठ आवळायची. रिकाम्या ग्लोजवर आवळली तर खळगा चपटा होतो. सुई वाकडी, बोथट टोकाची हवी. दाभण वापरलं तर भोक फाटतं. प्रशिक्षकाच्या बॅगेत सहा मिलिमीटर वादीचे दोन तुकडे, प्रत्येकी दीड-दोन मीटरचे, कायम असावेत.

बुरशीचं म्हणाल तर, ती चढल्यावर काढण्यापेक्षा चढू न देणं सोपं. सराव संपला की कोरड्या फडक्याने आतून पुसायचं, खळग्यात चेंडू ठेवायचा आणि ग्लोज उघड्या जाळीच्या पिशवीत टांगायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा लोखंडी कपाटात नाही. बुरशी आलीच तर समभाग पाणी आणि व्हिनेगर, फडकं घट्ट पिळून, एकदाच पुसणी, मग सावलीत. चामड्याचं तेल मोसमात एकदा, तेही बोटाच्या टोकाएवढं. खोबरेल तेल चोपडणं ही आपल्याकडची हमखास चूक. चामडं जड आणि मऊ लोळागोळा होतं, धूळ धरतं, आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाद्य मिळतं.

टीबद्दल थोडक्यात. रबरी पायाची, ६५ ते १०० सेंटिमीटर उंची बदलणारी टी घ्या. दोन जागी बिघडते: वरची रबरी वाटी फाटते आणि सरकती नळी ढिली होते. नळी ढिली होण्याला इथली तांबडी धूळ कारण आहे. ती दोन नळ्यांमध्ये जाऊन पॉलिश कागदासारखी घासते. आठवड्यातून एकदा नळी पूर्ण बाहेर काढून पुसली की वर्षानुवर्षं चालते. वाटीच्या जागी मोटार दुरुस्तीवाल्याकडचा दोन इंची रेडिएटर होजचा तुकडा बसतो आणि मूळच्या वाटीपेक्षा जास्त टिकतो. पीव्हीसी पाइपची घरगुती टी मात्र नको. चुकून बॅट नळीवर बसली की तिचे धारदार तुकडे होतात.

जाळीचा पडदा ही या किटमधली दुसरी महत्त्वाची वस्तू, आणि इथे थोडं गणित आवश्यक आहे. महिला सॉफ्टबॉलमध्ये पिचरचा पट्टा होम प्लेटपासून (बॅटर उभी राहते त्या जागेपासून) ४३ फुटांवर, म्हणजे १३.१ मीटरवर असतो. पाऊल टाकून चेंडू सुटतो तोवर पिचर जवळपास दोन मीटर पुढे आलेली असते, उरतं ११ मीटरच्या आसपास अंतर. ताशी ९६ किलोमीटरचा चेंडू ते सुमारे ०.४२ सेकंदात कापतो. बॅटिंग करणाऱ्या मुलीला सराव हवा तो या ०.४२ सेकंदाचा. प्रशिक्षकाने सहा मीटरवरून ताशी ५२ किलोमीटरने खालून चेंडू टाकला तरी वेळ तेवढाच मिळतो, आणि ५२ चा वेग साठीतल्या माणसालाही दिवसाला शंभर वेळा टाकता येतो. ४३ फुटांवरून विंडमिल करत, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवत, खांदा घालवायची गरजच नाही. अट एवढीच की सहा मीटरवर पुढे पडदा असलाच पाहिजे. तिथून परतणारा फटका दिसण्याआधी लागतो.

बाजारात मिळणारे बहुतेक एल आकाराचे पडदे बेसबॉलचे असतात. त्यांचा कापलेला कोपरा वर असतो, कारण बेसबॉलमध्ये हात डोक्यावरून येतो. सॉफ्टबॉलमध्ये हात कमरेजवळून येतो, म्हणून मोकळी जागा बाजूला, कमरेच्या उंचीवर आणि खाली हवी. चुकीचा पडदा घेतला तर चेंडू टाकायला प्रशिक्षक पडद्याच्या बाहेर झुकतो, आणि ज्यासाठी पडदा घेतला तेच साधत नाही. फायबरच्या काड्यांवर उभा राहणारा, घडी होणारा पडदा टीच्या सरावाला ठीक आहे, माणसाच्या बचावाला नाही. तो फटक्याबरोबर मागे वाकतो. बचावासाठी गॅल्वनाइज्ड पाइपची सात फूट बाय सात फूट चौकट वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावी. वेल्डच्या जागी जस्ताचा थर जळून जातो आणि खाऱ्या वाऱ्यात गंज तिथूनच लागतो, म्हणून सांध्यांवर झिंकचा रंग दोन हात. जाळीसाठी खेळाच्या दुकानात जायचं कारण नाही. मासेमारीचं सामान विकणारे नायलॉनची जाळी किलोवर देतात. चेंडूचा व्यास साडेनऊ सेंटिमीटरच्या थोडा वर आहे, तेव्हा साडेचार-पाच सेंटिमीटर आसाची, म्हणजे तेवढ्या भोकांची, जाड दोऱ्याची जाळी पुरते. चौकटीवर ताणून बसवू नका, वीतभर झोळ ठेवा, म्हणजे चेंडू जाळीत विरतो, उसळून परत येत नाही. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतं. दर ऑक्टोबरला प्रत्येक कोपऱ्यातला एक दोरा नखाने खरवडून बघा, पूड पडली तर जाळी बदला.

सामन्याच्या स्लगरबद्दल फार लिहीत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. कंपोझिट (कार्बन फायबरसारख्या थरांचा) की ॲल्युमिनियम, एवढं सांगतो. कंपोझिटची किंमत कितीतरी पट. संघाकडे एकच असेल तर तो सरावात, मशीनच्या खड्डेदार चेंडूंवर आणि ओल्या चेंडूंवर अजिबात वापरू नये, त्याच्या भिंतीत बारीक भेगा पडतात. प्रत्येक फटक्यानंतर पाव वळण फिरवला की झीज चारही बाजूंना वाटली जाते. आवाज ‘टण’ऐवजी ‘खडखड’ येऊ लागला की तो संपला. कॉलेज संघाला एका कंपोझिटऐवजी ३२ आणि ३३ इंची तीन-चार ॲल्युमिनियम स्लगर जास्त उपयोगी पडतात. लांबी ३४ इंचांच्या आत, जाडी सव्वादोन इंचांच्या आत आणि मान्यतेचा शिक्का वाचता येण्याजोगा, हे स्पर्धेआधी तपासा. फुगलेला स्लगर पंचांच्या कड्यातून जात नाही आणि बाहेर राहतो.

कॅचरच्या सामानात मात्र काटकसर नको. क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचं साहित्य देऊन भागवणं धोक्याचं आहे. कॅचर पूर्ण उकिडवी बसते, गुडघा पुढे येतो, आणि बॅटची कड लागून खाली वळलेला चेंडू गुडघ्याच्या वाटीवर, पायाच्या पंजावर किंवा गळ्यावर बसतो. या तिन्ही जागा क्रिकेटचे पॅड आणि हेल्मेट नीट झाकत नाहीत. मास्कखाली गळ्याचा लोंबता तुकडा नसेल तर तो सेट परत करा. छातीचं कवच गळ्याच्या हाडापासून बेंबीपर्यंत, मापाने साधारण १३ ते १५ इंच. लांब कवच बसल्यावर हनुवटीला टेकतं आणि मुलगी मान वर करते. इथल्या घामात आधी जातात ते इलॅस्टिकचे पट्टे आणि लोखंडी हुक. नवा सेट आला की लगेच हुक काढून पाठीवरच्या बॅगेला असतात तसे प्लॅस्टिकचे चाप शिवून घ्या. बॅटरच्या हेल्मेटला दोन्ही कान झाकलेले हवेत. आतला स्पंज दाबून सोडल्यावर वर येत नसेल तर हेल्मेट बाद.

बेसची, म्हणजे धावताना गाठायच्या टप्प्यांची, तर आपल्याकडे दैना असते. पातळ रबरी चटया टाकून सराव चालतो, त्या धावणाऱ्या पायाखाली सरकतात आणि घोटा मुरगळतो. बेस १५ इंची चौरस, जमिनीत रोवलेल्या खुंटीवर बसणारे हवेत. पहिल्या बेसला १५ बाय ३० इंचांचा जोडबेस घ्या. पांढरा अर्धा भाग क्षेत्ररक्षकाचा, केशरी अर्धा फाउलच्या बाजूला, म्हणजे रेषेबाहेर, धावणारीसाठी. दोघींची टक्कर टाळणारं याहून स्वस्त साधन या खेळात नाही. जांभ्याच्या मैदानावर स्लायडिंग शिकवायचं तर बेसभोवती दोन मीटर खडे वेचून, पाणी मारून, दाताळ्याने माती सैल करून घ्यावी लागते. तसं न करता मुलींना घसरायला लावलं तर मांडीची साल जाते आणि मग ती मुलगी महिनाभर बेसकडे उभीच पळते. रेषा आखायला कळीचा चुना कधीच नको, डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. खडूची पूड घ्या.

पिचरच्या पट्ट्यापुढे उजव्या पायाच्या ओढीने आठवड्याभरात वीतभर खड्डा पडतो. खड्ड्यात पाऊल गेलं की गुडघा वळतो. क्रिकेटच्या जुन्या काथ्याच्या मॅटिंगचा एक मीटर बाय दोन मीटर तुकडा चार मोठे खिळे ठोकून अंथरला की प्रश्न मिटतो. पायाखाली घसरतं का हे आधी कोरड्या आणि मग ओल्या मॅटवर तपासा.

शेवटची वस्तू वही. स्कोअर ठेवायला गेमचेंजरसारखी ॲप आहेत आणि सामन्यापुरती ती सोयीची आहेत. सरावासाठी मात्र मी कागदी वहीच्या बाजूने आहे, कारण त्यात लिहायच्या गोष्टी ॲपमध्ये रकाना म्हणून नसतात. कोणत्या पिचरने आज किती चेंडू टाकले, त्यातले किती पूर्ण ताकदीने, कितव्या चेंडूनंतर कोपर खाली यायला लागलं. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून सुवर्ण जिंकून दिलं, आणि २०२१ मध्ये टोकियोत, ३९ व्या वर्षी, पुन्हा सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ती पिचर होती. तो आकडा दाखवून कॉलेजच्या मुलीकडून रोज दोन-दोनशे चेंडू टाकून घेणारे प्रशिक्षक आहेत. खालून टाकलेल्या चेंडूने खांदा दुखत नाही हा समज चुकीचा आहे. दंडाच्या पुढच्या स्नायूवर, खांद्याला जिथे तो जुळतो तिथे, ताण येतोच. वहीत दर आठवड्याची बेरीज असेल तर दुखणं येण्याआधी तीन आठवडे आकड्यांत दिसतं.

वही घ्यायची ती जाड पुठ्ठ्याची, शिवलेल्या पाठीची. स्प्रिंगची तार दोन पावसाळ्यांत गंजून पानं तपकिरी करते. लिहायचं पेन्सिलीने. जेल पेन ओल्या हाताखाली पसरतं, बॉलपेन दमट कागदावर चालत नाही, पेन्सिल दोन्हीकडे टिकते. मोसम संपला की वही वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन डांबराच्या गोळ्या घालून, डब्यात. मुखपृष्ठावर मोसम आणि पिचरांची नावं लिहून ठेवा. तीन वर्षांनी तीच मुलगी विद्यापीठाच्या संघात खांदा धरून बसली तर डॉक्टरला दाखवायला पहिल्या वर्षापासूनचे आकडे हाताशी असतात.

पैसे एकदम मिळत नसतील तर घेण्याचा क्रम असा: आधी कॅचरचा सेट आणि दोन हेल्मेट, मग जाळीचा पडदा, मग दोन डझन सिंथेटिक चेंडू आणि फंगो, त्यानंतर जोडबेस. पणजी, मडगाव, म्हापशाच्या दुकानांत फुटबॉल आणि क्रिकेट मांडलेलं दिसतं. सॉफ्टबॉलचं सामान बहुधा मागवूनच घ्यावं लागतं, तेव्हा ऑर्डर जूनमध्येच द्या, म्हणजे परत करायचा माल परत जाऊन बदली माल ऑक्टोबरच्या आत हातात येतो.